इंजेक्शनला थेंबांची जोड : इंदूरमधल्या एका चाचणी-प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

वेट एआरएमडीच्या, म्हणजे वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडण्याच्या आजाराच्या, रुग्णाला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देऊनही पडद्यातलं पाणी हटत नसेल, तर जोडीला डॉर्झोलामाइड-टिमोलॉलचे थेंब देऊन पाहावेत का? काचबिंदूसाठी हे थेंब वर्षानुवर्षं वापरात आहेत, कुठल्याही मेडिकलवर मिळतात. इंदूरमधल्या एका नेत्ररुग्णालयातल्या तरुण रेटिना सर्जनने हा प्रस्ताव रुग्णांवरच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीपुढे ठेवला. कमिटीवर डॉक्टर असतात, कायद्याचे जाणकार असतात, आणि नियमाप्रमाणे वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही लागते. ती मी. हयात गणित शिकवण्यात गेली. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत काय काय घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण ‘दोन उपचार एकत्र दिले तर दुप्पट गुण’ हा समज आपल्या घरांत फार पक्का आहे आणि डॉक्टरही त्यातून सुटलेले नाहीत.

आधी आजाराबद्दल थोडं. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. वयोमानाने तो झिजू लागतो. वेट प्रकारात त्याच्याखाली नवीन, कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपतं. सरळ रेषा वाकडी दिसू लागते, वाचताना मधलं अक्षर गायब होतं. या वाहिन्यांना वाढायला लावणारा व्हीईजीएफ नावाचा घटक अडवणारी इंजेक्शनं आली आणि चित्र पालटलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मरीना चाचणीत दर महिन्याला रॅनिबिझुमॅब हे असं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर वर्षभर टिकली. लुटुपुटूचं इंजेक्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. टिकली याचा अर्थ तक्त्यावरची १५ अक्षरं, म्हणजे तीन ओळी, गमावली नाहीत. अर्ध्या मिलिग्रॅमची मात्रा मिळालेल्या गटात तर साधारण एक तृतीयांश रुग्णांना १५ किंवा जास्त अक्षरं नव्याने वाचता आली. पुढे २०११ मध्ये कॅट चाचणीने दाखवलं की कितीतरी स्वस्त असलेलं बेव्हॅसिझुमॅबही वर्षभराच्या हिशेबात रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं आहे. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटासने रॅनिबिझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याशी मिळतंजुळतं पर्यायी औषध, बाजारात आणलं. इंदूरसारख्या गावात आज हे उपचार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आहेत ते असे.

तरीही काही डोळे कोरडे होत नाहीत. डॉक्टरांची कल्पना या डोळ्यांसाठी होती. हे थेंब डोळ्याच्या आत तयार होणाऱ्या द्रवाचं प्रमाण कमी करतात. द्रव कमी तयार झाला की त्याचा निचराही मंदावतो आणि इंजेक्शनचं औषध डोळ्यात जास्त काळ टिकण्याची शक्यता असते. शिवाय डॉर्झोलामाइडमुळे पडद्याखालचं पाणी ओढून घेण्याच्या क्रियेला मदत होत असावी, असाही एक तर्क आहे. अमेरिकेत १० रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला होता. त्यात पडद्याची जाडी कमी झाली, नजर मात्र लक्षणीय सुधारली नाही. हा निष्कर्ष प्रस्तावाच्या प्रस्तावनेत होता, पण त्यातलं पहिलं वाक्य ठळक होतं आणि दुसरं अगदी ओझरतं.

पहिल्या मसुद्यात ४० रुग्ण होते. सगळ्यांना इंजेक्शन चालू ठेवायचं, सगळ्यांना थेंब द्यायचे, आधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा ओसीटी, म्हणजे पडद्याची जाडी दाखवणारा स्कॅन, शेजारी ठेवून फरक पाहायचा. तुलनेला दुसरा गट नव्हता. ‘औषध जुनं आहे, स्वस्त आहे, मग कुणाला वंचित का ठेवायचं?’ असं डॉक्टर म्हणाले. भावना खरी होती. पण या आराखड्यातून काहीही निष्पन्न झालं असतं, तरी ते थेंबांमुळे झालं असं म्हणता आलं नसतं.

त्याचं पहिलं कारण निव्वळ गणिताचं. या चाचणीत येणारा रुग्ण त्या दिवशी पडदा जास्त सुजलेला आहे म्हणूनच निवडला जाणार. सूज कमीजास्त होत असते. चढावर असताना निवडलेली माणसं पुन्हा मोजली की सरासरी आपोआप खाली येते, काहीही उपचार न करता. मोठ्या वर्गात चाचणी परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं वेगळी काढा आणि काही न शिकवता पुन्हा परीक्षा घ्या, त्यांची सरासरी वाढलेली दिसेल. हे मी बैठकीत फळ्यावर मांडून दाखवलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते आपल्या भागाचं आहे. ‘इंजेक्शन लागू पडत नाही’ असा शिक्का कुणावर बसतो? डॉक्टरांनी नमुन्यादाखल काही फायली आणल्या होत्या, नावं झाकून. तारखा पाहत गेले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. एका आजोबांची इंजेक्शनं जानेवारी, फेब्रुवारी आणि मग एकदम मेमध्ये. मधे गव्हाची कापणी. दुसऱ्या एक बाई खरगोनहून येणाऱ्या; सोबत आणणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यावर त्यांच्या तारखांत दोन-दोन महिन्यांची खिंडारं. तिसऱ्या फाईलमध्ये नातीचं लग्न. धार, देवास, खरगोनकडून येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला दर महिन्याला इंदूर गाठायचं म्हणजे सोबत एक धडधाकट माणूस, त्याची बुडालेली मजुरी किंवा रजा, आणि डोळ्यावर पट्टी बांधून परतीची बस. या माणसांच्या बाबतीत इंजेक्शन हरलेलं नव्हतं, ते वेळेवर मिळालंच नव्हतं.

अशा रुग्णांना चाचणीत घेतलं की काय होतं? चाचणी म्हटल्यावर समन्वयक फोन करतो, गाडीभाडं मिळतं, तारीख चुकत नाही. सहा महिने इंजेक्शनं नियमित होतात आणि पाणी ओसरतं. श्रेय मात्र थेंबांना जातं. जोड-उपचाराची कुठलीही चाचणी वाचताना मी आता सर्वांत आधी हेच शोधते: एकट्या उपचाराला पूर्ण ताकदीने संधी दिली होती का? अर्धवट दिलेल्या इंजेक्शनशी तुलना केली तर त्याच्या जोडीला दिलेलं काहीही चांगलंच ठरणार. म्हणून कमिटीने पात्रतेची अट बदलायला लावली. किमान सहा इंजेक्शनं झालेली हवीत आणि गेल्या सहा महिन्यांत दोन इंजेक्शनांमध्ये सहा आठवड्यांपेक्षा मोठा खंड पडलेला नसावा. डॉक्टरांच्या यादीतले बरेच रुग्ण या चाळणीत गळले. गळलेल्यांसाठी काय करता येईल हे त्यांनी स्वतःहून विचारात घेतलं आणि रुग्णालयाने तारखेची आठवण देणारे फोन सुरू केले. चाचणीशी याचा संबंध नव्हता, तरी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत खात्रीचा फायदा मला त्यातच दिसतो.

तुलनेचा गट का हवा, हे डॉक्टरांना पटवायला या विषयाचा इतिहासच पुरेसा होता. रॅनिबिझुमॅबच्या आधी वेट एआरएमडीसाठी फोटोडायनॅमिक थेरपी होती: शिरेतून व्हर्टेपोर्फिन द्यायचं आणि मग पडद्यावर ठरावीक लेसर ८३ सेकंद सोडायचा. इंजेक्शन आल्यावर साहजिकच विचार झाला की दोन्ही एकत्र द्यावीत. एक औषध झिरपणं थांबवेल, दुसरं वाहिन्याच बंद करेल, म्हणजे इंजेक्शनं कमी लागतील. कागदावर याच्याइतका सुंदर तर्क नाही. युरोपातल्या मॉन्ट ब्लांक चाचणीत तो तपासला गेला. जोड-उपचाराच्या गटाला वर्षभरात सरासरी ४.८ इंजेक्शनं लागली आणि एकट्या इंजेक्शनच्या गटाला ५.१. एवढ्याशा फरकासाठी कुणी शिरेतून औषध घेऊन वर कित्येक दिवस उन्हापासून लपून बसणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या डेनाली चाचणीत तर जोड-उपचार नजरेच्या बाबतीत एकट्या इंजेक्शनपेक्षा कमी नाही, हेसुद्धा सिद्ध होऊ शकलं नाही.

फोविस्टा या औषधाची कथा याहून बोलकी आहे. व्हीईजीएफसोबत पीडीजीएफ हा दुसरा घटकही अडवायचा, अशी ती कल्पना. ४४९ रुग्णांच्या मधल्या टप्प्यातल्या चाचणीत जोड-उपचाराच्या गटाने २४ आठवड्यांत सरासरी १०.६ अक्षरं कमावली, एकट्या रॅनिबिझुमॅबच्या गटाने ६.५. जगभर आशा पल्लवित झाल्या. डिसेंबर २०१६ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि फायदा दिसलाच नाही. व्हीईजीएफच्या सी आणि डी प्रकारांना अडवणाऱ्या सोझिनिबरसेप्टचंही तेच झालं: मधल्या टप्प्यात यश, २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपयश. या चाचण्यांत तुलनेचा गट होता म्हणून तरी खरं काय ते कळलं.

पण जोड-उपचार म्हणजे नुसती निराशा, असंही नाही. आशियाई लोकांत जास्त आढळणाऱ्या पीसीव्ही या उपप्रकारात, जिथे वाहिन्यांना फुगे आलेले असतात, एव्हरेस्ट-२ चाचणीने ३२२ रुग्णांवर दाखवून दिलं की इंजेक्शनसोबत फोटोडायनॅमिक थेरपी दिली तर वर्षाअखेर सरासरी ८.३ अक्षरं वाढतात आणि एकट्या इंजेक्शनने ५.१. फुगे पूर्ण बंद होण्याचं प्रमाण ६९.३ टक्के विरुद्ध ३४.७ टक्के. तीच जोडी सरसकट वेट एआरएमडीत फिकी पडली आणि पीसीव्हीत जिंकली. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलं, तुमच्या ४० जणांत पीसीव्हीचे किती? हे फुगे दाखवणारी आयसीजी अँजिओग्राफी ही तपासणी सगळ्यांची झालेली नव्हती. ती अट नव्याने घातली. ज्याला आधीच सिद्ध झालेला जोड-उपचार हवा आहे, त्याला थेंबांच्या चाचणीत अडकवून ठेवणं हा अन्याय झाला असता.

दुसऱ्या मसुद्यात दोन गट आले. एकाला खरे थेंब, दुसऱ्याला कृत्रिम अश्रू, बाटली सारखी, कुणाला काय हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला माहीत नाही. इथे आमच्या फार्माकॉलॉजीच्या सदस्याने एक बारीक गोष्ट काढली. डॉर्झोलामाइडचा थेंब डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात उतरला की तोंड कडू होतं. डोळ्याला झोंबतंही. कृत्रिम अश्रूंनी यातलं काही होत नाही. म्हणजे आठवडाभरात निम्म्या रुग्णांना आपण कुठल्या गटात आहोत ते कळणार. शिवाय हे थेंब डोळ्याचा दाब कमी करतात, म्हणजे दाब मोजणाऱ्यालाही अंदाज येणार. इंजेक्शन चार दिवस अलीकडे द्यायचं की पलीकडे, हे ठरवणाऱ्याच्या मनात असा अंदाज शिरला की तुलना नासली.

कडवटपणा पूर्ण झाकता येत नाही. पण थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला तर औषध घशात कमी उतरतं. हे दोन्ही गटांना शिकवायचं ठरलं. दाब मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवली आणि तिची नोंद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायची नाही असं ठरवलं, दाब धोक्याच्या पातळीला गेला तरच अपवाद. इंजेक्शनचं अंतर प्रत्येक रुग्णासाठी सुरुवातीलाच गोठवलं. ओसीटीचं वाचन बाहेरच्या तज्ज्ञाकडे दिलं. सहा महिन्यांनी प्रत्येकाला विचारायचं की तुम्हाला कुठली बाटली होती असं वाटतं, आणि ते उत्तर निकालासोबत छापायचं.

मग प्रश्न आला मोजायचं काय. प्रस्तावात पडद्याची जाडी होती. मी म्हटलं, सत्तरीच्या माणसाला मायक्रॉन नको असतात, पंचांग वाचता यायला हवं असतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पाणी गेलं की नजर येईलच. तसं गृहीत धरता येत नाही. २०१९ च्या फ्लुइड चाचणीत पडद्याखाली थोडं पाणी राहू दिलेला गट आणि पूर्ण कोरडं करण्याचा आग्रह धरलेला गट यांची नजर दोन वर्षांनंतर जवळपास सारखीच होती. मग नजरच का मोजू नये? त्याला आड येते संख्या. दोन गटांत ५ अक्षरांचा फरक पकडायचा असेल आणि माणसामाणसांतला चढउतार १५ अक्षरांचा धरला, तर प्रत्येक गटात साधारण १४४ रुग्ण लागतात. चढउतार १० धरला तरी ६४. एका रुग्णालयातल्या ४० जणांकडून, म्हणजे गटात २०, हे उत्तर मिळणं शक्य नाही.

यावर बरीच चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, उत्तर मिळणार नसेल तर चाचणीच नको. मला ते टोकाचं वाटलं. छोटी चाचणी प्राथमिक म्हणून करता येते, फक्त तिने प्राथमिक असल्याचं सांगितलं पाहिजे. शेवटी जाडी हेच मुख्य माप राहिलं आणि संमतीपत्रात वाक्य आलं: ‘या थेंबांनी तुमची नजर सुधारेल का, हे या अभ्यासातून कळणार नाही.’ डॉक्टरांना भीती होती की हे वाचून कुणी येणार नाही. लोक आले.

संमतीपत्रावर आम्ही इतके अडून का बसलो, ते इंदूरकरांना सांगायला नको. दशकभरापूर्वी या शहरातल्या औषध-चाचण्यांवरून मोठं वादळ उठलं. रुग्णांना आपण चाचणीत आहोत हेही धड सांगितलं नव्हतं, असे आरोप झाले. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर देशभराचे नियम कडक झाले. नुकसानभरपाईची तरतूद आली, संमतीच्या चित्रीकरणाचा नियम आला. जुन्या औषधाच्या अशा अभ्यासाला चित्रीकरण सक्तीचं नाही, तरी ते इथे करायचं असं आम्ही ठरवलं. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी, हे तर बंधनकारकच.

माझा स्वतःचा आग्रह एका साध्या गोष्टीसाठी होता. टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर आहे. थेंबाच्या रूपात दिलं तरी काही अंश रक्तात जातो. दम्याच्या रुग्णाला त्याने श्वासाचा जीवघेणा त्रास होऊ शकतो, नाडी आधीच मंद असेल तर ती आणखी मंदावते. प्रस्तावात ‘दमा असल्यास वगळणे’ असं होतं. मी सुचवलं की प्रश्न विचारून थांबू नका. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा आणि पिशवी टेबलावर रिकामी करा.

मंजुरीनंतर कमिटीतर्फे संमतीची एक भेट पाहायला मी गेले होते. लोकमान्यनगरातल्या एक आजी, सोबत सूनबाई. फाईल चोख, इंजेक्शनं वेळेवर, पीसीव्ही नाही. दमा आहे का? ‘छे हो, तसलं काही नाही मला.’ सूनबाईंनी पिशवी उलटी केली. रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, आयुर्वेदिक चूर्णाची डबी, आणि निळा इनहेलर. ‘तो होय? तो थंडीत लागतो फक्त, सकाळी जरा छातीत भरून येतं ना.’

डॉक्टरांनी तिथेच अभ्यासातून त्यांचं नाव वगळलं. आजींचा चेहरा उतरला. ‘म्हणजे बाकीच्यांना थेंब आणि मला नाहीत? बाई, तुम्ही तरी सांगा ना यांना.’ सूनबाईंनी हळूच विचारलं की नाव सांगितलं तर आम्ही बाहेरून विकत घेऊ. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बाटली मेडिकलवर मिळते म्हटल्यावर प्रत्येक घरात तो येणार. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि न घाई करता सांगितलं: ‘आजी, डोळ्यातलं थोडं पाणी आपण इंजेक्शनने सांभाळू. पण या थेंबाने रात्री श्वास अडकला तर ते सांभाळणं अवघड आहे. हे थेंब कुणी दिले तरी घ्यायचे नाहीत.’ मग चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘टिमोलॉल देऊ नये’ असं लिहून ती फाईलवर चिकटवली. सूनबाईंनी मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून घेतला. आजींची पुढच्या इंजेक्शनची तारीख तीच राहिली.

भरती सध्या चालू आहे, ठरवल्यापेक्षा सावकाश. सहभागी झालेल्यांपैकी एका आजोबांची नाडी तिसऱ्या आठवड्याच्या तपासणीत ५० च्या खाली मिळाली. प्रोटोकॉलप्रमाणे थेंब लगेच बंद झाले, फक्त त्यांच्यापुरता बाटलीचा कोड उघडला, बाटली खऱ्या औषधाची होती. काही दिवसांत नाडी पूर्ववत झाली आणि त्यांची इंजेक्शनं सुरू आहेत. या घटनेनंतर कमिटीने सुरुवातीच्या तपासणीत ईसीजीही घालायला सांगितला. निकाल अनुकूल असो वा नसो, सीटीआरआयच्या नोंदीत टाकायचा आणि सहभागी रुग्णांना हिंदीत किंवा मराठीत, त्यांच्या पसंतीने, लेखी कळवायचा, अशी अट मंजुरीपत्रात आहे. नजरेचा प्रश्न सोडवण्यासाठी लागणारी मोठी चाचणी अनेक रुग्णालयांनी मिळून करावी लागेल. डॉक्टरांनी त्यासाठी इतर शहरांतल्या आपल्या सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला आहे, आणि त्या आराखड्यात तारखांच्या खंडाची अट पहिल्याच पानावर आहे.